घरपाच सवा

मैत्रिणींनो, एकाच मापाचे दोन ब्लाउज दोन शिंप्यांकडे टाकून पाहिलेत कधी? एक अगदी नेटका बसतो आणि दुसरा काखेत काचतो. माप तेच, कापड तेच, पण हात निराळे. वेबसाइटचं पान बनवायला बसले तेव्हा हीच गोष्ट मला पुन्हा नव्याने शिकावी लागली, आणि तीही चांगलीच महागात पडून.

आम्ही डोंबिवलीतल्या पाचजणी दिवाळीचा फराळ करून विकतो. सगळ्या मागण्या वहीत लिहायच्या, कुणाची चकली कुणाला जायची, रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून २०२४ च्या दिवाळीआधी मी ठरवलं, आपणच एक पान तयार करायचं. मी काही इंजिनियर नव्हे हो, साधी बी.ए. आहे. कल्याणच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पण सुट्टीत तीन महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्या शिदोरीवर उडी घेतली. ह्यांच्या लॅपटॉपवर पान असं देखणं दिसत होतं की काय सांगू! घटस्थापनेच्या दिवशी सगळ्यांना लिंक पाठवून दिली.

संध्याकाळी सासूबाई आपला जुना फोन नाकाशी धरून म्हणाल्या, “अगं, हे ‘घरपाच सवा’ काय लिहिलंयस? माणूस पाचला येणार की सव्वापाचला?”

मी धावत जाऊन पाहिलं. मथळा होता ‘घरपोच सेवा’, आणि वरच्या मात्रा साफ कापल्या गेल्या होत्या! मराठीच्या बाईच्या पानावर ही गत. हे हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

कारण कळलं तेव्हा मलाच माझा राग आला. मथळा आटोपशीर दिसावा म्हणून मी ओळीची उंची, म्हणजे लाइन-हाइट, अगदी तंग ठेवली होती आणि चौकटीबाहेर जाईल ते झाकून टाक असंही सांगितलं होतं. लॅपटॉपवरच्या अक्षरवळणात ते खपून गेलं. सासूबाईंच्या फोनमध्ये दुसरा फॉन्ट, त्याच्या मात्रा उंच, त्या झाकल्या गेल्या. इंग्रजी अक्षरांसाठी सांगितलेली मापं आपण आंधळेपणाने उचलतो, तिथे हे होतं. आपल्या लिपीला वर मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे ऐसपैस जागा लागते. मी उंची दीडपटीच्याही वर नेली आणि ‘पोच’ जागेवर आलं. अक्षरांमध्ये फट वाढवायचा मोहसुद्धा टाळा बरं का! इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे पडतात.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. खरी गोष्ट पुढेच आहे.

माझ्या थोरल्या नणंदबाई ठाण्याला घोडबंदर रोडला राहतात. दरवर्षी त्यांच्या इमारतीची मागणी त्याच गोळा करतात, शिवाय जर्मनीतल्या मुलासाठी वेगळं पार्सल. ते दसऱ्यापर्यंत निघालं तरच वेळेवर पोचतं. यंदा दसरा आला तरी वन्संची मागणी नाही. मला वाटलं, त्यांनी दुसरीकडे सांगितलं असेल. विचारायचं कसं? शेवटी फोन केला तर आवाज बर्फासारखा. “तुमच्या त्या पानावर आमच्यासारख्यांना मागणी द्यायची सोय दिसत नाही. म्हटलं, यंदा नको असेल ठाण्याचं काम.”

मी म्हटलं, “वन्सं, खाली मोठं बटण आहे की!”

“नाही म्हणते ना मी!”

दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात मेगाब्लॉक. धिम्या लोकलमध्ये उभी राहून ठाण्याला गेले आणि त्यांचा फोन हातात घेतला. बटण खरंच नव्हतं! पदार्थांची नावंही एकमेकांना चिकटून बसलेली, जणू गर्दीच्या वेळचा डबा.

फोन होता आयफोन ६, २०१४ साली निघालेला, मुलाने वापरून दिलेला. त्याला बाराच्या पुढची आयओएस मिळत नाही. पदार्थांमध्ये अंतर पडावं म्हणून मी ‘गॅप’ लिहिलं होतं. तशा मांडणीतला गॅप सफारीला कळू लागला तो २०२१ च्या एप्रिलपासून. भाच्याने जर्मनीहून सुचवलं होतं म्हणे, “आई, क्रोम घेऊन बघ.” पण आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घेतलं तरी आतलं यंत्र सफारीचंच असतं. पाटी बदलली, शिंपी तोच!

आणि या शिंप्यांची खोड अशी, की न समजलेली सूचना ते मुकाट्याने गाळतात आणि ब्लाउज शिवून हातात ठेवतात. विचारत नाहीत, भांडत नाहीत. एका परीने ते बरंच, नाहीतर एका शब्दापायी पानच उघडलं नसतं. त्याचा फायदाही घेता येतो. जुन्याला कळेल असं माप आधी लिहायचं, नवं त्याच्याखाली. जुना ब्राउझर पहिलं धरतो, नवा दुसरं.

बटणाचं दुखणं निराळं होतं. पानाची उंची मी ‘पडद्याइतकी पूर्ण’, म्हणजे शंभर व्हीएच, ठेवली होती आणि बाहेरचं सरकू नये अशी तजवीज केली होती. पण आयफोनचा सफारी पडदा मोजताना स्वतःची खालची पट्टी जमेस धरत नाही. तेव्हा माझं बटण त्या पट्टीच्या मागे आणि सरकवून वर आणायची वाट मीच बंद केलेली.

होकोन ली या नॉर्वेच्या गृहस्थांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली, तेव्हा पानाच्या रूपात लिहिणाऱ्याइतकंच वाचणाऱ्याचंही चालावं असा त्यांचा विचार होता. मी मात्र ह्यांच्या लॅपटॉपवर दिसलं तेच सगळ्या जगाला दिसतं असं धरून चालले होते.

वन्संच्या स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला. उंचीचा हट्ट काढूनच टाकला, पान आपलं लांबेल तितकं लांबू दे. गॅपच्या जागी साधा मार्जिन घातला. बटण वरही ठेवलं, खालीही. त्यांनी चष्मा लावून स्वतः दाबलं, चार किलो चकली, दोन किलो अनारसे. मग चहा ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. जर्मनीचं पार्सल मात्र भाऊबीज उलटल्यावर पोचलं, तेही निम्म्या करंज्या मोडून.

तुमच्यापैकी कुणी शिकवणीचं, पाळणाघराचं, साड्यांचं पान करत असाल, तर घरातला सगळ्यात जुना फोन आधी शोधा. त्यावर पान उघडून मोठ्याने वाचायला लावा, तेही पान न बनवलेल्या माणसाला. मी आता सासूबाईंच्या फोनवर पाहते, मग कामाच्या मावशींच्या, आणि शेवटी वन्संच्या.

वन्संनी यंदा नवा फोन घेतला. जुना मात्र विकला नाही. मध्यंतरी आल्या तेव्हा चार्जरसकट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “असू दे तुझ्याकडे. तुला तपासायला लागतो ना.”