पेन्सिलीची रेघ

पाथरी, ५ ऑगस्ट

सकाळपासून भुरभुर. पीएच.डी.च्या दिवसांत अशा हवेचा धसका असायचा. वीज वाहणाऱ्या, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर माझे काम. त्या पदार्थांना ना ओलावा सोसतो, ना ऑक्सिजन. नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून सगळे करायचे. इथे पाथरीच्या कॉलेजात तशी पेटी नाही. त्याचे मला फार वाटत नाही. वाटते ते वर्गातल्या गप्प बसणाऱ्या मुलांचे. मराठी आणि उर्दू शाळांतून आलेली ही मुले भौतिकशास्त्र पहिल्यांदाच इंग्रजीतून वाचतात, आणि आपल्याला ‘समजतच नाही’ असे धरून चालतात.

८ ऑगस्ट

उर्दू शाळेतून आलेल्या एका मुलीने फळ्यावर ‘मिली’ऐवजी ‘मेगा’ लिहिले. वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली आणि वही मिटली. मी धडा बाजूला ठेवला आणि एक गोष्ट सांगितली.

१९६७ मध्ये जपानात रसायनशास्त्रज्ञ शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या कोरियन संशोधकाकडून असाच ‘मिली’ निसटला. उत्प्रेरक हजारपट जास्त पडला, आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी प्लॅस्टिकचा चंदेरी चकाकीचा पापुद्रा तयार झाला. पुढे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी अशा पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली. त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आयोडीनने काय केले, ते मी एसटीच्या उदाहरणावरून सांगितले. गाडी खच्चून भरलेली, कुणाला हलता येत नाही. मानवतला एक जण उतरला, की शेजारचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या जागी पलीकडचा. आयोडीन रेणूच्या साखळीतून एक इलेक्ट्रॉन असाच उतरवून घेते.

वही मिटलेली मुलगी म्हणाली, “मॅडम, फिर तो खाली जगाच चलती ना?”

अर्धवाहकांच्या पुस्तकात त्या रिकाम्या जागेला होल म्हणतात. ते प्रकरण आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे. इतक्या वर्षांत याहून नेमके उत्तर मी वर्गात ऐकलेले नाही.

१४ ऑगस्ट

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाची नजर फार कमी आहे. दहावीनंतर सगळ्यांनी त्याला आर्ट्सला जा म्हणून सांगितले होते. प्रॅक्टिकलला जोडीदार मीटर वाचतो, हा नुसता शेजारी उभा. हे मी वर्षभर चालू दिले, ही माझी चूक.

आज कागदाच्या पट्टीवर ६बी पेन्सिलीने जाड रेघ घोटली. ग्राफाइट वीज वाहते. रेघ बाहेरच्या अंगाला ठेवून पट्टी वाकवली की कण एकमेकांपासून दुरावतात, रोध वाढतो. वाकणाऱ्या संवेदकाचे तत्त्व एवढ्या रेघेत मावते. ती रेघ ५५५ या टायमर चिपच्या सर्किटमध्ये जोडली, पुढे छोटा स्पीकर. पट्टी वाकवली की आवाज जाड होतो, सरळ केली की बारीक.

बाकीचे मल्टिमीटरच्या नाचत्या आकड्यांत अडकले होते. त्याने डोळे मिटून पट्टी सावकाश वाकवली आणि म्हणाला, “मॅडम, सरळ केली तरी पहिल्याइतका बारीक होत नाही.” खरेच होते. वाकवल्यावर रेघ पूर्ण पूर्ववत होत नाही. प्रयोगवहीत ते निरीक्षण त्याच्या नावावर लिहिले.

१९ ऑगस्ट

त्या कमी नजरेच्या मुलासाठी परीक्षेतल्या लेखनिकाचा आणि जादा वेळेचा अर्ज दिला. नियमाने तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास मिळतो. हे त्याला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

दुपारी परभणीहून दहा ५५५ आणि दहा स्पीकर आणले. पुढच्या प्रॅक्टिकलपासून बोलणारे सर्किट प्रत्येक टेबलावर असेल, त्याच्या एकट्याच्या नाही.