सुताराचा उजवा हात

ह्यांचा उजवा हात कोपरातून आजही पुरता सरळ होत नाही. चहाचा कप धरता येतो, शर्टाची बटणं सावकाश लावता येतात, फोन उचलता येतो. रंधा मात्र मारता येत नाही. आमचा दावा साडेचार वर्षं चालला, तो एवढ्याच गोष्टीवर.

मे २०१७. लग्नसराईचे दिवस. मिरजेच्या पुढे एका गावात दाराची चौकट बसवून हे रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी निघाले होते. समोरून आलेली चारचाकी आपली बाजू सोडून सरळ ह्यांच्या अंगावर आली. हे डांबर सोडून साइडपट्टीवर उतरले, तरी गाडीने गाठलंच. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. उजव्या कोपराचा चुरा झाला, मनगटही मोडलं.

गाडी चालवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा. हळदीच्या जेवणावरून परत चालला होता. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली होती, पाचशे मीटरच्या आतली, लहान गावांत दोनशे वीस मीटरच्या आतली. त्या रस्त्यावरच्या बारलाही कुलूप होतं. पण हा मुलगा प्यायला होता तो मांडवामागे, घरच्या माणसांच्या देखत. आणि निघताना गाडीची किल्ली त्याच्याच हातात होती. आमच्या भागात हळद म्हटली की मटण आणि दारू हे ठरूनच गेलं आहे. त्या मांडवात वडीलधारी माणसं होती, जाणती माणसं होती. एकानेही किल्ली काढून घेतली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी दवाखान्यात होते आणि माझे धाकटे दीर पोलीस ठाण्यात. तिथे त्यांना सांगण्यात आलं, "सकाळी बघू, आधी पेशंटकडे जा." भाऊजी म्हणाले, "साहेब, सकाळी त्याच्या रक्तात काय उरणार?" दारू तासातासाने उतरत जाते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते बाकावरून उठलेच नाहीत. शेवटी साडेबारा वाजता त्या मुलाला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. शंभर मिलिलिटर रक्तात ९६ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३० आहे.

तिसऱ्या आठवड्यात मुलाचे वडील घरी आले. गाडी त्यांच्याच नावावर होती. पन्नास हजार रुपये पुढे ठेवून म्हणाले, "ताई, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. केस वाढवू नका." तेव्हा आमचा दवाखान्याचाच खर्च दीड लाखावर गेला होता आणि दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं. मी पैसे परत केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पण आत कॉटवर झोपलेल्या माणसाची विचारपूस त्यांनी केली नाही.

फौजदारी खटल्याचं थोडक्यात सांगते. मुलाने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि चार हजार रुपये दंड झाला, त्यातले दोन हजार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळच्या गुन्ह्याला दंड दहा हजार झाला आहे, सहा महिन्यांपर्यंतची कैद तेव्हाही होती आणि आताही आहे. दंड सरकारजमा होतो. आम्हाला त्यातला रुपया मिळाला नाही. भरपाईसाठी वेगळा दावा लावावा लागतो, तोही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन ऑपरेशनं, मग रोजचा फिजिओथेरपीचा व्यायाम, यात आठ महिने गेले. ओळखीतून एक वकीलबाई भेटल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये दावा दाखल झाला.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मिळकतीचा पुरावा काय?" ह्यांच्याकडे मुलीची जुनी शाळेची वही होती. कुणाची चौकट, कुणाचं कपाट, किती घनफूट सागवान, किती आगाऊ घेतले, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. बिलबुक नाही, रिटर्न नाही. महिन्याला सतरा-अठरा हजार सुटत होते. न्यायाधीशांनी शेवटी नऊ हजार धरले. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण वहीखेरीज दाखवायला दुसरं काही नव्हतं, हेही खरं.

मग अपंगत्वाचा दाखला. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने हात वाकवून, फिरवून, मुठीची पकड मोजून आकडा दिला, उजव्या हातापुरतं ४२ टक्के कायमचं अपंगत्व. विमा कंपनीचे वकील म्हणाले, हे एका हाताचं झालं, सबंध शरीराचं धरलं तर १४ टक्के. भरपाईही चौदाच टक्क्यांनी द्या. ह्यांना साक्षीत त्यांनी विचारलं, "स्वतःच्या हाताने जेवता ना? सही करता ना?" हे खरं बोलणारे. म्हणाले, "हो." मी मागच्या बाकावर बसले होते. वाटलं, संपलं सगळं.

पण उलटलं दुसरंच. जे रक्ताचे कागद मिळावेत म्हणून भाऊजी मध्यरात्र उलटेपर्यंत बसले, तेच कागद कंपनीने आमच्यापुढे धरले. चालक प्यायलेला होता, म्हणजे पॉलिसीची अट मोडली, म्हणून आम्ही काहीच देणं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी भाऊजींना त्या दिवशी नको ते बोलले. वकीलबाईंनी समजावलं तेव्हा शांत झाले. अपघाताच्या वेळी जो कायदा होता, त्यात विमा कंपनीला कोणत्या कारणांनी हात झटकता येतात याची यादी होती आणि दारूचं नाव त्या यादीत नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या तिसऱ्या माणसाला कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग हवे तर गाडीमालकाकडून वसूल करायचे, असे निकाल होते. आता चित्र बदललं आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दारू त्या यादीत आली. जुन्या कायद्याच्या काळातल्या अपघातात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येही आधी भरा, मग वसूल करा, असाच आदेश दिला. तेव्हा कंपनीने पहिलं पत्र पाठवलं की घाबरून गप्प बसू नये.

मध्येच लोकअदालतीत चार लाखांवर तडजोड करा, असा निरोप आला. कोरोनाने वर्ष खाल्लं होतं, मुलीची बारावी होती, घरात शिलाईमशीनवर मी कमवत होते तेवढंच. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "डॉक्टरांची साक्ष होऊ दे, मग बोलू."

डॉक्टर दोन तारखांना आले नाहीत, तिसऱ्याला आले. बाईंनी त्यांना विचारलं, रंधा मारताना उजव्या हाताला काय करावं लागतं? डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मग बाईंनीच सांगितलं. मागची मूठ उजव्या हाताने दाबून धरायची, कोपर सरळ करत सगळा जोर पुढे लोटायचा, फळी संपेपर्यंत तो जोर सारखा ठेवायचा. पटाशीवर ठोकताना हातोडी उजव्यात, करवतही उजव्यात. यातलं काय जमेल? डॉक्टर म्हणाले, यातलं काहीच पूर्वीसारखं जमणार नाही. कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि पकड निम्म्याहून कमी आहे.

त्यानंतर बाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल दाखल केला. दाखल्यावरचे टक्के म्हणजे मिळकतीतली तूट नव्हे, माणूस कोणतं काम करत होता ते बघा, असं त्यात सांगितलं आहे. आणि उदाहरण कुणाचं, तर ज्याचा हात गेला त्या सुताराचं. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी कदाचित टिकेल. सुताराची मिळकत जवळपास पूर्ण बुडू शकते. बाईंनी तो परिच्छेद ह्यांना मराठीत समजावून सांगितला. पाच वर्षांत हे पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. "माझं काम कुणीतरी लिहून ठेवलंय," एवढंच म्हणाले.

निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये लागला. मिळकतीतली तूट ६० टक्के धरली. महिना नऊ हजार म्हणजे वर्षाचे एक लाख आठ हजार. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा असलेला माणूस म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवले. वय सदतीस म्हणून पंधराने गुणलं. त्याचे साठ टक्के म्हणजे तेरा लाख साठ हजार आठशे रुपये. शिवाय दवाखान्याचा खर्च, वेदनांबद्दलची रक्कम आणि दावा दाखल केल्यापासून सात टक्के व्याज. कंपनीच्या हिशोबात वाढही नव्हती. चौदा टक्क्यांनी ते दोन लाख सव्वीस हजार आठशेच देत होते. पैसे कंपनीने आधी भरायचे, मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश झाला. मालक म्हणजे ते पन्नास हजार घेऊन आलेले वडील. पुढे त्यांच्याकडून किती वसूल झाले, ते आम्ही विचारलं नाही.

निम्मी रक्कम बँकेत ठेव म्हणून अडकली, ते बरंच झालं. उरलेल्यातून कर्ज फेडलं आणि पुतण्यासाठी रंधा मारायचं मशीन घेतलं. आता हे डाव्या हाताने आखणी करतात, पुतण्या कापतो. भाऊजींची मी माफी मागितली.

आमचा दावा आठव्या महिन्यात दाखल झाला होता. नव्या कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. घरात असं काही घडलंच तर एकाने दवाखान्यात थांबावं आणि दुसऱ्याने चालकाचं रक्त घेईपर्यंत पोलीस ठाण्याचा बाक सोडू नये. आणि साक्षीला उभे राहाल, तेव्हा तो हात रोज काय काय करत होता, ते एकेक काम सांगा.