चाकांवरच्या घरातली ऊब

डिसेंबर-जानेवारीत हरमल-मांद्र्याच्या बाजूला गेलात, तर माडांच्या सावलीत उभ्या असलेल्या परदेशी नंबरप्लेटच्या मोठ्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. आत पलंग, चूल, बेसिन, दाराशी वाळत घातलेले टॉवेल. थंडी चुकवायला युरोपातून रस्त्याने आलेले लोक. मोटरहोम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हेच चित्र यायचं. त्याच गाडीत खऱ्या थंडीत राहायचं म्हणजे काय, हे मला २०२२च्या डिसेंबरात कळलं, तेही माझ्या धाकट्या भावाकडून.

भाऊ २०१६ साली इंग्लंडला गेला. बाबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१च्या आधीचा, त्यामुळे पोर्तुगालात नोंद करून आम्हा दोघांनाही तिथला पासपोर्ट मिळू शकत होता. मी सरकारी नोकरीला चिकटून राहिलो. त्याने भारतीय पासपोर्ट परत केला आणि स्विंडन गाठलं, जिथे आधीच आपले पुष्कळ गोंयकार होते. ब्रेक्झिटच्या वेळी तो तिथेच असल्यामुळे राहण्याचा हक्क टिकला. मग २०२२च्या सप्टेंबरात त्याने आईला फोनवर सांगितलं, "घर घेतलं. लहान आहे, पण माझं आहे." आईने देवापुढे साखर ठेवली. मी जायला निघालो तेव्हा आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी तिने माझ्या बॅगेत कोंबली. परदेशी जाण्याच्या परवानगीसाठी खात्याकडे केलेल्या अर्जात मी कारण लिहिलं होतं, 'भावाचे नवीन घर पाहणे'.

ते घर म्हणजे स्विंडनबाहेर एका शेताच्या कडेला, कॅम्पसाईटच्या वीज नसलेल्या स्वस्त कोपऱ्यात उभं असलेलं वीस वर्षं जुनं मोटरहोम. खोलीचं भाडं त्याला भरता येत नव्हतं असं नाही, पण ते भरल्यावर महिनाअखेरीला हातात काही उरत नव्हतं. "आईला सांगू नको," हे तो मला मिठी मारण्याआधी म्हणाला.

पहिल्या रात्री बाहेर उणे पाच. आत गॅसचा हीटर चालू होता, तसं बरं होतं, पण पायांना खालून गार वारा लागत होता. शोधलं तर जमिनीला चक्क एक भोक, वर जाळी. जुन्या गाडीचा दोष असेल असं समजून मी माझा मफलर त्यात कोंबला आणि झोपलो. मध्यरात्री भावाने बॅटरी मारून पाहिलं आणि माझ्यावर असा ओरडला, जसा लहानपणी मी त्याच्यावर ओरडायचो. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळलाच तर खाली साचतो आणि तिथून बाहेर पडतो. शिवाय ज्योतीला ताजी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. भावाने त्यासाठी भिंतीवर धोक्याची शिट्टी देणारी एक डबी लावली होती. "दादा, इथे माणूस थंडीने मरायच्या आधी उबेने मरतो," तो म्हणाला.

पहाटे तीनला हीटर विझला. तांबडा सिलिंडर संपला होता. दुसरा निळा होता, जवळजवळ भरलेला. भावाने अंधारात बाहेर जाऊन तो जोडला, पण ज्योत काही धरेना. मी हलवून पाहिला तर आत डुचमळत होतं. मग मोबाईलवर शोधाशोध करताना उलगडा झाला. निळ्यात ब्युटेन. शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, नुसतं पाण्यासारखं पडून राहतं. तांबड्यात प्रोपेन, त्याची उणे चाळीसलाही वाफ होते. निळा गाडीबरोबर मिळाला होता, सप्टेंबरात तो व्यवस्थित चालला, म्हणून याने तोच राखून ठेवला. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मला हे रसायनशास्त्र पहाटे, दोन-दोन पायमोजे घालून उभं राहून कळलं.

उजाडेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. दोघेही एकाच पलंगावर आईची गोधडी घेऊन बसलो. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "अंगावर नको, अंगाखाली घे." गादीखाली नुसती प्लायवूडची फळी, तिच्याखाली मोकळी हवा, थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. गोधडी खाली, रजया नि जाकिटं वर. फरक पडला.

तेवढ्यात फोन वाजला. आईची सकाळची पूजा आटोपली होती. तिकडचे साडेनऊ म्हणजे इकडचे पहाटेचे चार, हे तिला सांगून सांगून आम्ही थकलो आहोत. घरी आम्ही कोकणीच बोलतो, तेव्हा तिचा प्रश्न तसाच देतो: "घरांत ऊब आसा मू रे?" भावाने अंधारात माझा दंड धरला.

"आसा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तांबडा सिलिंडर आणला. संध्याकाळी मी हौसेने चूलही पेटवली, गाडी लवकर तापेल म्हणून. भावाने ती बंद केली. गॅस जळताना त्यातून पाण्याची वाफही निघते आणि गार भिंतींना लागून तिचं पाणी होतं. तशीही सकाळी आमच्या दोघांच्या श्वासानेच खिडक्या ओघळत असायच्या. तो रोज फडक्याने पुसून पिळायचा, वाटीभर पाणी निघायचं. म्हणून वरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. पावसाळ्यात घरात कपडे वाळवणाऱ्या माणसाला ओल नवी नाही, पण ओल घालवायला उणे पाचातला वारा आत घ्यायचा, हे पचायला मला दोन दिवस लागले.

बाकी त्याने सगळं बसवलं होतं. पुढच्या काचेवर चंदेरी आवरण. पाइपात गोठू नये म्हणून पाण्याची टाकी रात्री रिकामी, प्यायचं पाणी कॅनमध्ये पलंगाशी. उकडे तांदूळ दोन उकळ्या देऊन थर्मासात, सकाळी पेज. ती कशी व्हायची ते विचारू नका, पण गरम असायची.

आठ दिवसांनी मी परतलो. गोधडी तिथेच राहिली. आईला मी घराचं वर्णन केलं: समोर हिरवं शेत, सकाळी खिडकीतून घोडे दिसतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. भाऊ अजून त्याच गाडीत आहे. तो म्हणतो, आता मला जमलंय. मला ते ऐकून बरं वाटत नाही, पण त्याने विचारलेलंही नाही.

आईने हल्ली दुसरी गोधडी शिवायला घेतली आहे. परवा माप विचारत होती. मी सांगितलं, सहा फूट बाय चार.

"एवढीशीच? घर घेतलंय ना त्यानं?"

"खाट लहान आहे," मी म्हणालो. तिने सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.