हायजीन हायपोथेसिसला अनावृत पत्र

प्रिय हायजीन हायपोथेसिस,

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी तुला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं, तेव्हा तुझा पसारा जेमतेम दोन पानांचा होता. मार्च १९५८च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती त्यांनी तपासली. थोरली भावंडं जितकी जास्त, तितका परागकणांचा त्रास कमी, असं त्यांना दिसलं. घरातल्या थोरल्यांकडून लहानपणीच होणारे संसर्ग पुढे ॲलर्जीपासून राखत असावेत, एवढाच त्यांचा अंदाज होता.

आज तुझ्या नावावर काय काय खपतं, ते पाहून जीव तुटतो. “पडू दे आजारी, प्रतिकारशक्ती वाढेल,” असं रांगत्या बाळाबद्दलही सहज बोललं जातं. लस टाळणारे तुझाच दाखला देतात. गोवर आणि डांग्या खोकल्याने तान्ही बाळं दगावतात, हे त्यांना कोण सांगणार? साध्या सर्दीचा रायनोव्हायरससुद्धा निरुपद्रवी नाही. पहिल्या तीन वर्षांत त्याच्यामुळे ज्यांची छाती घरघरते, त्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. विषाणूमुळे दमा जडतो, की दम्याकडे कल असलेल्या बाळालाच तो जास्त छळतो, हा वाद अजून मिटलेला नाही. पण यात राखण कुठे आहे?

राखण दिसली ती गोठ्यात. अमेरिकेत इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज मूळचे युरोपातले, आनुवंशिकदृष्ट्या जवळचे. तरी शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण आमिशांकडे सुमारे ५ टक्के, हटराइटांकडे २१. आमिशांची शेती घोड्यांवर चालते, गोठा घराला लागून, मुलं त्यात लहानपणापासून वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांची, वस्तीपासून दूर. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन जवळपास सातपट निघालं. त्या धुळीचा अर्क उंदरांच्या नाकात सोडला, तर त्यांची दम्यासारखी लक्षणं कमी झाली. त्यासाठी उंदरांना कोणताही संसर्ग व्हावा लागला नाही.

तेव्हा यापुढे कुणी तुझा हवाला देऊन बाळाची लस चुकवू लागलं, तर त्याला या गोठ्याचा पत्ता दे. आणि लसीची तारीखही विचार.

तुझी,
एक काळजीत पडलेली वाचक