डोंगर कुठे पळून जातो!

जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी कोणता, ठाऊक आहे? चिली आणि अर्जेंटिना या देशांच्या सीमेवरचा ओहोस देल सालादो. त्याची उंची ६,८९३ मीटर आहे. आफ्रिकेतला किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर हवा फार विरळ असते. आपल्याला इथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जवळजवळ निम्माच तिथे मिळतो. म्हणून तिथले वाटाडे सारखे सांगतात, "पोले पोले!" स्वाहिली भाषेत याचा अर्थ 'हळूहळू'.

भारताचे गिर्यारोहक सत्यरूप सिद्धांत यांनी सातही खंडांतले सर्वोच्च ज्वालामुखी चढण्याची कामगिरी जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण केली. मलाही किलिमांजारो चढावासा वाटतो. पण तेवढे पैसे माझ्यापाशी नाहीत.

तरी ज्वालामुखीच्या खडकावर मी लहानपणापासून चालत आलो आहे. मी कल्याणचा. दादीबरोबर मी मलंगगडावर हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याला जात असे. त्या पायऱ्यांवर सर्व धर्मांचे लोक भेटतात. दादी वाटेत बसायची, दम घ्यायची आणि म्हणायची, "घाई कशाला, बेटा? डोंगर कुठे पळून जातो!"

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली. भेगांतून तप्त लाव्हारस वाहिला. थरावर थर साचले. ते थंड होऊन आपला काळा पाषाण तयार झाला. पुढे ऊन, पाऊस आणि नद्या यांनी तो झिजवला, कोरला. मुंब्र्याचे डोंगर, मलंगगड, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई ही सारी त्याच लाव्हारसाची लेकरे!

आज दादीचे शब्द आठवले की मन अस्वस्थ होते. डोंगर पळून जात नाही, हे खरे. पण माणूस त्याला सुरुंग लावतो, फोडतो आणि ट्रकांत भरून नेतो. घरांना, रस्त्यांना खडी लागतेच. पण घर पुन्हा बांधता येते, डोंगर बांधता येत नाही.

मित्रांनो, येत्या हिवाळ्यात वडीलधाऱ्यांबरोबर जवळचा एखादा डोंगर चढा. तिथला काळा दगड हातात घ्या. त्यातली बारीक छिद्रे पाहा. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची ती खूण आहे. मग तो दगड जागेवर ठेवा आणि पुढे चला. हळूहळू!