पाचवीच्या वर्गातील आभारपत्रे

स्मरणिकेच्या निमित्ताने कपाट आवरताना पाचवीच्या एका जुन्या तुकडीच्या पत्रांचा गठ्ठा हाती लागला. वसतिगृहाला ब्लँकेटे देणाऱ्या एका गृहस्थांसाठी आम्ही ही पत्रे लिहून घेतली होती. पाठविली मात्र नाहीत. ती मुले आता मोठी झाली आहेत, हे पान वाचतीलही. म्हणून नावे देत नाही.

पहिल्याच पत्रात होते : 'आपण आम्हा गरिबांवर केलेले उपकार जन्मभर फिटणार नाहीत. आपल्या चरणी नतमस्तक.' पुढची सगळी तशीच. दोष मुलांचा नव्हता. फळ्यावरचा नमुना आमच्याच हातचा होता. इतिहासात एम.ए. झालेल्या, 'जोहार मायबाप' या शब्दांमागचा अपमान वर्गात समजावून सांगणाऱ्या आम्ही, दहा-अकरा वर्षांच्या लेकरांकडून तोच जोहार नव्या कागदावर लिहून घेतला होता. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

मग आभार मानूच नयेत काय? आपली मुले मंगलसुत्त म्हणतात. त्यात 'कतञ्ञुता', म्हणजे कृतज्ञता, हे उत्तम मंगल सांगितले आहे. बाबासाहेबांनी 1923 साली प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, तो आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण ठेवून. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. कोणी आपल्यासाठी काय सोसले ते त्यांनी स्पष्ट सांगितले. मान कोठे झुकविली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नमुना पुसला. 'उपकार', 'चरणी' आणि 'गरीब' हे शब्द वर्ज्य केले. पहिले पत्र आपल्या माणसाला लिहावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट त्यात असावी, एवढेच सांगितले. एकाने विचारले, "सर, शिष्यवृत्तीचे आभार कोणाला?" आम्ही म्हणालो, "तो हक्क आहे, बाळा. त्याचा अर्ज असतो, आणि ती थकली तर तक्रार असते."

अर्धा तास कोणाची लेखणी हलेना. मग ऊसतोडीला गेलेल्या आईला एकाने लिहिले : 'आई, तू मला शाळेत सोडाया आलीस तवा यष्टीत एकच जागा भेटली. ती मला दिलीस आन् तू उभी राहिलीस. मला ते दिसलं होतं.' भाषेच्या चुका काढण्याची आमची जुनी खोड. पण त्या 'तवा'वर लाल शाई चालली नाही. ते पत्र मुकादमाच्या नावे कारखान्याच्या पत्त्यावर गेले.

ब्लँकेटवाल्या गृहस्थांना पुढच्या आठवड्यात नवी पत्रे गेली. एकात होते, 'ब्लँकेट ऊबदार आहे, पण लांबीला कमी पडते.' तेही आम्ही तसेच पाठविले.

भीमजयंतीला ती माउली शाळेत आली. पिशवीच्या तळाशी, भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेले पत्र तिने काढले. "सर, मुकादमानं घाईत वाचलं. तुम्ही सावकाश वाचा."

आम्ही व्हरांड्यात बसून वाचले. तिने पुन्हा वाचावयास सांगितले. पोरगा दाराआड उभा होता. त्याला वाटत होते, आम्हांस तो दिसत नाही.