गच्चीवरची वेल

कुंभोजजवळील बाहुबली क्षेत्री २८ फूट उंच मूर्तीसमोर उभे असता धाकटीने विचारले, "बाबा, यांच्या पायांवर वेल कशी?" वर्षभर निश्चल उभ्या बाहुबलींच्या देहावर वेली चढल्या, असे मी सांगितले.

सांगलीला परतताच मुलांनी गच्चीवर दुधी लावला. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक जैन घराण्यांप्रमाणे आमचे आजोबाही शेतकरीच. मुलांचे मातीने माखलेले हात पाहून ऊर भरून आला. तरी मन साशंक होते. माती उकरताना किती सूक्ष्म जीव दुखावतात! कंदमुळे लावायची नाहीत, हे मुलांनी ऐकले. पण पावसाळ्यात वेलीवर अळ्या पडल्या. औषध फवारण्यास मी धजावलो नाही आणि मुलांचे कष्ट वाया जातानाही पाहवेना.

धाकटीने एकेक अळी पानासकट उचलून आवारामागील रानतोंडलीवर नेऊन सोडली. तरीही तीन दुधी किडले. एकच हाती आला. त्याची भाजी ताटात पडली, तेव्हा कोणी कणही टाकला नाही.

इतकी वर्षे बाजारातून पिशवीभर भाजी आणताना जी हिंसा मला दिसलीच नव्हती, ती मुलांच्या त्या एका वेलीने दाखवली.